नवं-जुनं : श्रीगोंद्याच्या बँकांची टिपणे

मार्चअखेर

मार्चचा शेवटचा आठवडा आला की श्रीगोंदा तालुक्यात जिल्हा बँकेच्या शाखांतून पाय ठेवायला जागा नसते. काउंटरला खेटून टोपीवाले म्हातारे, दाराशी मोटारसायकली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर चार-पाच गावांच्या पतपुरवठा सोसायट्यांचे गटसचिव आपापली दप्तरं मांडून बसलेले. सगळ्यांच्या तोंडी एकच विचारणा, ‘नवं-जुनं झालं का?’

गेल्या साली उचललेलं पीककर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं, याला नवं-जुनं म्हणतात. भरण्यापुरते पैसे मार्चमध्ये हातात असतीलच असं नाही. कांदा अजून वखारीत, उसाचं शेवटचं बिल अजून कारखान्यात. मग पाहुण्याकडून, आडत्याकडून, नाहीतर गावातल्याच एखाद्या ‘पैसेवाल्या’कडून आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर रक्कम आणायची, सोसायटीत भरायची आणि नवं कर्ज खात्यावर पडलं की ज्याची त्याला पोचवायची. पाहुणा व्याज घेत नाही. पैसेवाला घेतो, आणि तेही शेकड्याने.

गंमत बघा. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून तशी तरतूद आहे. ही बिनव्याजी सवलत टिकवायची म्हणून बाहेरचं व्याज द्यायचं. कागदावर वसुली होते, कर्ज मात्र होतं तिथंच. बँकेच्या अहवालात वसुलीची जी टक्केवारी छापतात, तिच्यातले पिकाचे पैसे किती आणि आठ दिवसांच्या उसनवारीचे किती, हे गटसचिवाला ठाऊक असतं. अहवालात त्याला रकाना नाही.

घोड नदीच्या पलीकडे

श्रीगोंदा आणि शिरूर या तालुक्यांच्या मधून घोड नदी वाहते. पलीकडच्या तीरावरच्या तालुक्यातलं कर्डे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात गेलं ते १८७४ च्या डिसेंबरात. तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने गावातल्या देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकाराला वाळीत टाकलं. त्याचं शेत कुणी करायचं नाही, त्याची हजामत करायची नाही, त्याचे कपडे धुवायचे नाहीत असं ठरलं. दुसऱ्या वर्षी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगल उसळली आणि काही दिवसांतच नगर जिल्ह्यात आली. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांची नावं तेव्हाच्या सरकारी कागदपत्रांत आहेत.

दंगलखोरांना हवे होते कर्जरोखे, खतं आणि हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. दिले नाहीत तर घर पेटलं. हिशेब साफ होता. गावकऱ्यांनी बरोबर ती वस्तू जाळली जिच्यामुळे ते बांधले गेले होते.

या रोषामागे एक चांगला हेतू होता, हे वाचून चमकायला होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. व्याज साचत जाऊ नये, हा उद्देश. सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की जुना रोखा फाडायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं आणि नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा उधारीही सढळ झाली. भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवला, आणि त्या दर तीन वर्षांच्या अंगठ्यांचा हिशेब एकदम पुढ्यात आला.

म्हणजे नवं-जुनं करणं हा सहकाराने लावलेला शोध नाही. ते सोसायटीच्या आधीपासून, निदान दीडशे वर्षं, चालत आलेलं आहे.

पावती मागण्याचा हक्क

दंगलीनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्यात धरले होते. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल तर साध्या कर्जासाठी ती विकता येईना. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मुळात पैसे किती दिले, व्याज किती चढवलं, हे कोर्टाने उकरून बघावं, असंही ठरलं.

मला मात्र त्यातली हिशेबाची कलमं जास्त मोलाची वाटतात. कुळाने पैसे भरले तर लेखी पावती द्यायची. वर्षाचा हिशेब द्यायचा. मागितलं तर पासबुकात नोंदी करून द्यायच्या. सावकारापुढे मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला ‘माझा हिशेब दाखवा’ म्हणायचा हक्क कायद्याने दिला.

सावकारांनी यालाही तोडगा काढला. कर्जरोख्याऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात झाली. पैसे फेडलेस की जमीन तुझी तुला परत, हे फक्त तोंडी. ही चाल अजून संपलेली नाही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा केला. सावकारीपोटी अशी बळकावलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार त्यात जिल्हा निबंधकाला दिला आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांनी पुन्हा त्याच दुखण्यावर औषध.

आधीचं गाव

श्रीगोंदा हे गाव काही पूर्वीपासून कर्जबाजारी कुळांचं नव्हतं. शेख महंमद महाराजांचं गाव ही त्याची जुनी ओळख. पुढे ते शिंद्यांकडे आलं, त्यांचे वाडे इथे उभे राहिले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. काष्टी, बेलवंडी, विसापूर ही आजची नेहमीची स्थानकं त्याच मार्गावरची. आगगाडी आली तसा धान्याचा व्यापार बाहेरच्या बाजारपेठांना जोडला गेला, आणि धान्य विकत घेणारा व कर्ज देणारा बहुतेकदा एकच माणूस असे. खळ्यावरूनच धान्य त्याच्याकडे जाई. वसुलीची ही रीत पुढे कोणी उचलली, ते उसाच्या टिपणात येईल.

लोणी आणि मुंबई

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, सुधारलेला १९१२ चा. मुंबईत १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी प्रांतिक सहकारी बँक उभी केली. तीच आजच्या राज्य सहकारी बँकेची पूर्वज. शहरांतही त्याच सुमारास हालचाल झाली. १९०६ मध्ये पुण्याची कॉसमॉस आणि मुंबईची शामराव विठ्ठल, १९१० मध्ये नगरची अर्बन, १९१८ मध्ये सारस्वत. नोकरदार आणि छोटे व्यापारी यांनी आपापल्या ओळखीच्या वर्तुळात काढलेल्या या संस्था.

खेड्यातल्या कामाची ठळक खूण आमच्याच जिल्ह्यात आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला पतपेढी काढली. पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्यांनीच धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या पाठबळावर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. पण लोणी प्रवरेच्या कालव्यावर. श्रीगोंदा दक्षिणेला, अवर्षणाच्या पट्ट्यात. घोडचं आणि कुकडीचं पाणी इथे फार उशिरा पोचलं आणि त्याच्या पाठोपाठ बँकेचा पैसा.

देशभरचं चित्र १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सापडतं. शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. ए. डी. गोरवालांच्या समितीने तो मांडला. गाडगीळ त्या समितीत होते. सहकार अपयशी ठरला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा समितीचा निष्कर्ष. जिल्हा मध्यवर्ती बँकांची बांधणी त्यानंतर जोमाने झाली.

पैसा कसा उतरतो

शहरातल्या वाचकासाठी थोडी उजळणी. नाबार्ड राज्य बँकेला पुनर्वित्त देते, राज्य बँक जिल्हा बँकेला, जिल्हा बँक गावच्या विविध कार्यकारी सोसायटीला आणि सोसायटी सभासदाला. जिल्हा बँकेकडे स्वतःच्या ठेवी असतातच. वरून पैसा येतो तो त्यात भर म्हणून. सभासदाचं क.म. पत्रक, म्हणजे कर्ज मर्यादा पत्रक, तयार होतं. क्षेत्र किती, पीक कोणतं, एकरी दर किती, यावर रक्कम ठरते. इकरार लिहून दिला की सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो. शेअर्सपोटी काही रक्कम कर्जातूनच कापून घेतात. उरलेली खात्यावर.

एवढ्या उतरंडीत शेतकऱ्याला ओळखणारा माणूस एकच, तो म्हणजे गटसचिव. कुणाच्या विहिरीला पाणी आहे, कुणी जमीन भावाच्या नावावर केली, कुणाच्या मुलीचं लग्न जमलंय, सगळं त्याच्या डोक्यात. पगार तुटपुंजा, गावं अनेक. त्याने मनावर घेतलं तर सोसायटी उभी राहते, मनात आणलं तर बुडते. सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली. तेव्हा देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्या तिच्यात धरल्या होत्या. दप्तर संगणकात चढलं की निदान तीन वेगवेगळ्या वह्या ठेवता येणार नाहीत, अशी आशा.

तफावत

सहकार खात्याच्या भाषेत एक जोडशब्द आहे, ‘अनिष्ट तफावत’. ऐकायला ज्योतिषातला वाटतो. अर्थ असा, की सोसायटीला बँकेचं जे देणं आहे, ते सोसायटीला सभासदांकडून येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त. समजा, सोसायटी बँकेचे दोन कोटी देणं लागते आणि सगळ्या सभासदांची येणी मिळून निघतात पावणेदोन कोटी. मधले पंचवीस लाख कुठे गेले? कुणाची भरलेली रक्कम बँकेत पोचली नसेल, कुठे व्याजाच्या आकारणीत फरक पडला असेल, कधी पूर्वीच्या पंचांनी नसत्या ठिकाणी खर्च केला असेल. सगळ्या सभासदांनी पैन् पै भरली तरी ती सोसायटी बँकेचं देणं फेडू शकत नाही.

आणि फटका बसतो तो नियमित भरणाऱ्याला. सोसायटीच थकली की बँक तिला नवं कर्ज देताना हात आखडते. ज्याने वेळेवर भरलं तोही रिकाम्या हाताने परत. गावात या माणसाला कुणी विचारत नाही, कारण तो ओरडत नाही.

ऊस आणि लिंबू

श्रीगोंद्याला दोन सहकारी साखर कारखाने आहेत. एकाला शिवाजीराव नागवडे यांचं नाव, दुसरा पिंपळगाव पिसाचा कुकडी, त्याला कुंडलिकराव जगताप यांचं. उसाचं बिल कारखान्यातून निघतं तेव्हा सोसायटीची वसुली यादी आधीच तिथे पोचलेली असते. कर्जाचा हप्ता कापून उरलेलं बिल शेतकऱ्याच्या खात्यावर पडतं. बिलाच्या कागदावर वरचा आकडा भरघोस आणि खाली कपातींची रांग. घरी आल्यावर बायको शेवटचा आकडा तेवढा विचारते.

हाच तालुका लिंबासाठी नावाजलेला. लिंबू उसापेक्षा कमी पाण्यात येतं, उन्हाळ्यात भाव गाठला तर चांगलं देतं. पण लिंबाचा पैसा येतो आडत्याच्या पट्टीवर, पोत्यापोत्याने, दिवसागणिक वेगळ्या भावाने. त्यातून सोसायटीची कपात होत नाही. एका दाराने माल जावा आणि त्याच दाराने पैसा यावा, अशी सोय उसात आहे, लिंबात नाही. म्हणून बँकेचा जीव उसात. पाणी कोण किती पितं यापेक्षा वसुली कुठून कापता येते, यावर पिकाची पत ठरली. दुष्काळी तालुक्यात ऊस का फोफावला, याची कारणं सांगताना लोक कालव्याचं आणि राजकारणाचं बोलतात. कपातीचा हा रकाना कुणी मोजत नाही. खळ्यावर माप घालून नेणारा जुना व्यापारी हेच करायचा. फरक एवढाच, की आता भाव आधी ठरतो आणि कपातीचा कागद हातात मिळतो.

काष्टीचा शनिवार

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारचा. बैल, गाई, म्हशी, वासरं, धूळ, भेळ आणि रुमालाखाली बोटं धरून ठरणारे सौदे. पूर्वी व्यवहार रोखीत, आता फोनवर क्यूआर दाखवणाराही दिसतो. तरी मोठ्या जनावराला नोटाच हव्या असतात. विकणारा परगावचा, पुन्हा भेटेल न भेटेल.

१ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते. शहरात हा निर्णय कर्मचाऱ्यांच्या सोयीचा. बाजाराचाच दिवस शनिवार असलेल्या गावात त्याचा अर्थ वेगळा होतो. बैल विकून आलेली रक्कम दोन रात्री घरात, उशाखाली. शाखा कुठे आहे याइतकंच ती कोणत्या वारी उघडी आहे, हेही महत्त्वाचं असतं.

पिग्मी

रोज संध्याकाळी दुकानादुकानातून फिरून दहा, पन्नास, शंभर रुपये गोळा करणारा पिग्मीवाला ज्याला माहीत नाही, त्याने तालुक्याचं गाव पाहिलेलं नाही. ही कल्पना उडुपीची. १९२५ मध्ये तिथे सुरू झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेने १९२८ मध्ये रोजच्या दोन आण्यांची ही ठेव काढली. विणकरांना, छोट्या दुकानदारांना बँकेत यायला वेळ नाही, तर बँकेनेच दारात जावं. महाराष्ट्रात ती पतसंस्थांनी उचलली आणि अशी रुजवली की ‘पिग्मी’ हा शब्द मूळचा मराठीच वाटावा.

पिग्मीवर व्याज फारसं मिळत नाही, मुदतीआधी मोडली तर कपातही होते. तरी लोक भरतात. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर म्हणतो, ‘तो रोज येतो म्हणून पैसे राहतात, नाहीतर गल्ल्यातले गल्ल्यात जातात.’ बँकेच्या जाहिरातीत बचतीविषयी इतकं नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

सोनेतारण

सोनेतारणाच्या टेबलावर थोडा वेळ थांबून बघावं. बँकेने नेमलेला सराफ बाजूला बसतो. बाई पदराच्या गाठीतून पुरचुंडी काढते, ती उलगडून ठुशी, बोरमाळ, कानातले वेल टेबलावर ठेवते. सराफ एकेक जिन्नस काळ्या कसोटीच्या दगडावर घासतो, पिवळी रेघ उमटते, तिच्यावर काचेच्या कांडीने आम्लाचा थेंब सोडतो आणि रेघ किती फिकी पडते ते बघतो. मग तराजू. ठुशीतली लाख, बोरमाळेतले दोरे, वेलांतले खडे यांचं वजन अंदाजाने वजा. ‘बारा ग्रॅम दोनशे.’ बाई म्हणते, ‘घेताना तर दीड तोळ्याची सांगितली होती.’ सराफ वर बघत नाही. जिन्नस पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर लाखेचा शिक्का.

हे कर्ज तासाभरात मिळतं. क.म. पत्रक नको, सातबारा नको, पंचांची सही नको. पेरणीच्या तोंडावर सोसायटीचं नवं-जुनं अडलं की शेत वाचवतं ते हे सोनं. तिजोरीत बाईचा दागिना आणि पीक उभं राहतं बाप्याच्या नावच्या सातबाऱ्यावर. शेतीच्या पतपुरवठ्याचे तक्ते करताना ही रक्कम ‘सोनेतारण’ या रकान्यात पडते. बाईने शेतीत घातलेलं भांडवल म्हणून तिची नोंद कुठेच होत नाही.

नोव्हेंबर २०१६

८ नोव्हेंबरला रात्री नोटाबंदी जाहीर झाली. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई केली. सरकारी बँकांत रांगा होत्या. जिल्हा बँकेच्या शाखेत रांग लावायचीही सोय राहिली नाही. ज्या माणसाचं खातं फक्त तिथेच, त्याने करायचं काय? रब्बीची पेरणी, ऊसतोडीचा हंगाम, आणि गावात चालतील अशा नोटाच नाहीत.

पुढे त्या मधल्या दिवसांत जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्वीकारल्या. पण नोटाबंदीच्या रात्री तिजोरीत असलेली शिल्लक राहिली ती राहिलीच. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे मिळून अशा सुमारे ११२ कोटींच्या नोटा अडकल्या. पुणे, कोल्हापूर, नाशिक, सांगली यांच्याबरोबर नगरचं नावही त्या यादीत होतं. एकीकडे काळा पैसा सहकारी बँकांतून पांढरा होईल, ही भीती. दुसरीकडे लाखो साध्या खातेदारांची कोंडी. भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण शिक्षा खातेदाराला झाली.

ठराव

जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी गटात शेतकरी थेट मत देत नाही. सोसायटीने ठराव करून एक प्रतिनिधी पाठवायचा, तो मत देतो. त्यामुळे निवडणुकीआधी वर्षभर ठराव गोळा करण्याची धांदल उडते. ज्याच्या खिशात ठराव त्याची बँक. ठराव जमले की ते धरून ठेवणं आलं. मग प्रतिनिधींना कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी ‘सहलीला’ नेतात, ते मतदानाच्या दिवशीच परत. मार्च २०२३ मध्ये नगरच्या जिल्हा बँकेचं अध्यक्षपद शिवाजी कर्डिले यांना १० विरुद्ध ९ अशा एका मताने मिळालं, ते चंद्रशेखर घुले यांच्याविरुद्ध. विधानसभेची निवडणूक इतकी अटीतटीची क्वचित होते.

राजकारण्यांना बँक का हवी, हे विचारायला नको. पण उलटी बाजूही आहे. राजकारण नसतं तर बाजारगावी शाखा निघाल्याच नसत्या. नफ्याचं गणित मांडणाऱ्या बँकेला मांडवगणमध्ये किंवा देवदैठणमध्ये येण्याची घाई कधीच नव्हती. पुढाऱ्याला मतं हवी होती, गावाला शाखा, सौदा जुळला. संचालकांना खुर्ची कायमची नसावी म्हणून बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने सलग आठ वर्षांची मर्यादा घातली. २०२५ मध्ये ती दहा वर्षं झाली.

अर्बनचा धडा

नगर अर्बन बँकेला १९१० पासूनचा इतिहास होता. ६ डिसेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खात्यातून दहा हजारांपलीकडे काढता येईनात. ४ ऑक्टोबर २०२३ ला परवाना रद्द झाला. एकशेतेरा वर्षांची संस्था. जुनी आहे म्हणून भक्कम असणार, हा समज नगरकरांच्या मनातून तेव्हा गेला.

पण निदान ती बँक होती, म्हणून ठेव विम्याचं छत्र होतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, हा विमा मिळतो. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेव विभागली तरी मर्यादा पाच लाखांचीच, कारण बँक एक. १९६२ मध्ये विमा सुरू झाला तेव्हा ती मर्यादा दीड हजार होती.

पतसंस्थेला हा विमा नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. काउंटर तसाच, काच तशीच, मुलींचा गणवेश तसाच, पासबुकही तसंच. व्याज एक-दोन टक्के जास्त. संस्था चांगली चालवणारे लोक आहेत, नगर जिल्ह्यात तर पतसंस्थांची मोठी परंपरा आहे. पण बुडाली तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, पोलीस, कोर्ट, मालमत्तेचा लिलाव, एवढाच रस्ता; आणि तो लांबचा.

आधारला जोडलेलं

२०२४ चा पावसाळा शाखांनी ‘लाडकी बहीण’ योजनेच्या गर्दीत काढला. अर्जात खातं एका बँकेचं दिलेलं, आधार जोडलेलं दुसऱ्याच बँकेला, आणि पैसे पडले त्या दुसऱ्या खात्यात, जे कधीकाळी जनधनच्या शिबिरात उघडून विसरलेलं. ‘माझे पंधराशे कुठे गेले?’ याचं उत्तर शोधायला बायका या काउंटरवरून त्या काउंटरवर. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ची. दहा वर्षांनी त्यातली कितीतरी झोपलेली खाती अशी जागी झाली.

त्या गर्दीत एक चांगलं झालं. ज्या बाया नवऱ्याच्या मागे दाराशी उभ्या राहायच्या, त्या स्वतः काउंटरपुढे आल्या. शिल्लक किती ते त्यांनी स्वतः विचारलं. काहींनी तर नवऱ्याला बाहेर थांबवलं.

शेवटचं

सहकारी संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस सोसायटीच्या फळ्यावर लागते, अहवाल सभासदाला मिळतो. सभेला आपण जातो, हजेरीच्या वहीत सही करतो, भेळ-चहा होतो, ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर होतात आणि अर्ध्या तासात सगळे घरी. यंदा एवढं करा. अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग बघा. अ, ब, क, ड यांपैकी कोणता ते पहिल्या दोन-तीन पानांत असतं. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जवळ ठेवा, पासबुक भरून घ्या आणि सोसायटीचा उतारा त्याच्याशी ताडून बघा. पतसंस्थेत ठेव ठेवायची असेल तर बुडाली तरी संसार अडणार नाही एवढीच ठेवा. आणि सभेत हात वर करण्याआधी उभं राहून एकच विचारा : आपल्या सोसायटीत तफावत किती?